टिळ्याची घाई

मारुतीच्या वेषातल्या व्यंकटइतका धीट माणूस औराद तालुक्यात शोधून सापडायचा नाही. चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून तो खाली उडी घेतो, वेशीच्या कमानीवर चढून बसतो, दातांनी नारळ सोलून गर्दीत भिरकावतो. कुणी कार्टं शेपटीला हात लावायला धावलंच, तर असे डोळे वटारतो की ते रडत आईच्या पदराआड शिरतं. आणि हाच व्यंकट रंग धुऊन, सदरा-पायजमा घालून संतपूरच्या बाजारात उभा राहिला की वांगी किडकी आहेत हे भाजीवालीला सांगायचीही त्याची छाती होत नाही. ती देईल ती घेतो, मागेल ते देतो आणि घरी येऊन बायकोची बोलणी खातो.

घर संतपूरच्या पलीकडच्या वस्तीवर. थोडी कोरडवाहू जमीन, तीत सोयाबीन, तूर, जमलं तर ज्वारी. पण घराण्याची खरी ओळख मारुतीच्या वेषाची. बाप मारुती व्हायचा, आता व्यंकट होतो. हनुमान जयंती, गावोगावच्या जत्रा, गणपती, दसरा असं वर्ष सरतं. पुढे रेवणसिद्ध हलगी वाजवत चालणार, मागे व्यंकट गदा फिरवत येणार. आणि या दोघांच्या आधी, गावच्या पंचांसमोर बसून बिदागी ठरवणार ती सुशीलाबाई, व्यंकटची बायको.

बाईमाणसाने बोली करायची हा या घरचा जुना रिवाज. व्यंकटच्या बापाचा नियमच होता. आधी अंगाला रंग, मग शेपूट, मग मुकुट आणि सगळ्यात शेवटी कपाळाला कुंकवाचा टिळा. एकदा टिळा लागला की तो माणूस राहिला नाही. टिळ्यानंतर त्याच्या तोंडून रामनामाशिवाय शब्द निघायचा नाही, आणि पैशाचा तर नाहीच नाही. "देवच भाव करायला बसला, तर त्याच्या पाया कोन पडंल?" असं बाप म्हणायचा. म्हणून बोली करायची व्यंकटची आई, ईरम्मा. सून घरात आल्यावर पहिल्याच जत्रेला तिने सुशीलाबाईच्या हातात पितळी करंडा ठेवला होता. "ह्यातलं कुकू त्याच्या कपाळाला, अन् बोलनं तुझ्या तोंडाला," असं सांगून सासू मोकळी झाली.

सुशीलाबाईने ते बोलणं असं उचललं की सासूनेही तोंडात बोट घालावं. भालकीकडच्या गावात कन्नडमध्ये 'अण्णा, अप्पा' करत सुरुवात करणार, बिदरला गेली की दखनीत 'देखो साब' म्हणणार, औरादच्या पूर्वेला तेलुगूचे चार शब्द टाकणार. पैशाचं नाव पहिल्यांदा कधीच काढायची नाही. गावचा पाऊस, तुरीचा भाव, पंचांच्या लेकीची सोयरीक, सगळं विचारून झाल्यावर मग हळूच म्हणायची, "बघा, देव दाराशी आलाय. काय द्यायचं ते तुमच्या मोठेपनानं सांगा." मोठेपणाचं नाव निघालं की समोरचा माणूस आपसूक थोडा वर चढायचा. मग सुपारी घ्यायची, विडा पदराला बांधायचा, आणि बोली पक्की.

पण सगळीच माणसं काही मोठेपणावर भुलत नाहीत. कुणी म्हणायचं, "बाई, लई पुढं पुढं करायलीस." कुणी म्हणायचं, "घरात गडी न्हाई का बोलायला?" कुणी नुसतं हसायचं, ते जास्त लागायचं. सुशीलाबाई सगळं गिळायची आणि बोली पुढे रेटायची. आणि घरातला गडी? तो चार हातांवर लिंबाखाली आरसा मांडून तोंडाला केशरी रंग फासत बसलेला असायचा.

आता खरं सांगायचं तर बापाचा हा नियम व्यंकटला फारच सोयीचा वाटे. बापाने तो देवाची लाज राखायला घातला होता. लेकाने तो आपली लाज झाकायला वापरला. गावात शिरलं, पंच येताना दिसले की याची रंगाची डबी उघडलीच. लोकांना वाटे, काय शिस्तीचा कलाकार आहे, वेळेच्या आधी तयार होतो! आणि व्यंकट हे कौतुकही खाली मान घालून घ्यायचा. आपली ही पळवाट कुणाला कळलेली नाही, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

यंदा चैत्रात बसवकल्याणकडच्या एका गावची जत्रा ठरली. गावाचं नाव सांगत नाही, गाव चांगलं आहे. जत्रा कमिटीचा अध्यक्ष अंकुशराव. गुलबर्ग्याला तुरीची अडत, गावात दुमजली घर, पांढरे कपडे, हातात दोन फोन. सुशीलाबाईने फोनवरच बोली पक्की केली होती. तिघंही सकाळच्या बसने उतरली, तर देवळापुढे ही मोठी डीजेची भिंत उभी. लातूरहून मागवलेली. तिला पाहूनच रेवणसिद्ध म्हणाला, "आपली हलगी आज कोन ऐकतंय, अण्णा?" आणि तो चामडं तापवायला काटक्या गोळा करू लागला.

व्यंकटने लिंबाखाली पोतं अंथरलं. आरसा झाडाच्या बुंध्याला टेकवला, खोबरेल तेलात रंग कालवला. तोंड रंगवून झालं, छाती रंगवून झाली. शेपूट अजून पिशवीत होती, मुकुट पोत्यावर होता. तेवढ्यात अंकुशराव चार माणसं मागे घेऊन आला आणि सुशीलाबाईपुढे उभा राहिला.

"ए बाई, यंदा निम्मेच मिळतील," तो म्हणाला. "डीजेलाच लई गेले."

सुशीलाबाईने पदर सावरला. "अप्पा, फोनवर बोली झाल्ती. मी तुमच्याच तोंडून ऐकलेलं हाय. डीजेचं डीजेला, मारुतीचं मारुतीला."

"आता तुझ्या मारुतीला बघायला कोन येतंय? पोरं डीजेम्होरं नाचायलेत."

"मग तसं फोनवर सांगायचं, अप्पा. दुसऱ्या गावची सुपारी मी सोडली तुमच्यासाठी. देवाच्या दारात सबूद फिरवू नये."

बोलली ती हळूच. पण 'सबूद फिरवू नये' हे चार माणसांत ऐकायची अंकुशरावला सवय नव्हती. त्याचा आवाज चढला. देवळाच्या पायऱ्यांवरची माणसं वळून पाहू लागली.

आणि इथे व्यंकटने जे केलं, ते त्याने स्वतः आरशात पाहिलं. त्याचा हात शेपटीकडे गेला नाही, मुकुटाकडे गेला नाही. तो सरळ करंड्याकडे गेला. आवाज आणखी वाढायच्या आत बोटभर कुंकू घेऊन त्याने उघड्या डोक्याने, बिनशेपटीचा, कपाळावर टिळा ओढला. घाईत टिळा वाकडा आला. पण आला. आता तो मारुती होता. आता त्याने बोलायचं नव्हतं.

"नवऱ्याला माकड करून गावोगाव नाचवतीस," अंकुशराव म्हणाला, "अन् वर आमाला सबूद शिकवतीस? मदारीण कुठली!"

पायऱ्यांवरची माणसं खदखदून हसली. मागच्या चौघांनी 'मदारीण' हा शब्द पुन्हा एकमेकांना ऐकवला. सुशीलाबाई उभी होती तिथेच उभी राहिली. तिने एकदाच मान वळवून लिंबाकडे पाहिलं. व्यंकटने डोळे मिटून घेतले, जणू जप चालला होता. जपबिप काही नव्हतं. मनात एकच चाललं होतं, हे लवकर संपू दे. रेवणसिद्ध हलगी आगीवर धरून बसला होता. त्याने टिळ्याकडे पाहिलं, पोत्यावरच्या मुकुटाकडे पाहिलं आणि हलगी फिरवून दुसऱ्या बाजूने तापवायला घेतली.

शेवटी सुशीलाबाईच म्हणाली, "द्या, अप्पा. काय द्यायचं ते द्या." निम्म्यावर बोली झाली. विडा तिने पदराला बांधला. मग ती लिंबाखाली आली, पिशवीतून शेपूट काढून व्यंकटच्या कमरेला बांधली, मुकुट डोक्यावर चढवला. वाकडा टिळा पदराच्या टोकाने पुसून सरळ केला. तिची बोटं नेहमीसारखीच होती, ना कठोर ना थरथरती. त्या बोटांखाली व्यंकटला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिरवणूक निघाली. डीजे तास दीड तास धडधडला. मग ऊन चढलं तसं जनरेटरने मान टाकली, आणि अचानक उरली ती एकटी रेवणसिद्धची हलगी. बाया-बापड्या पाण्याच्या कळशा घेऊन आल्या, मारुतीच्या पायावर पाणी घातलं, लेकरं त्याच्या पायावर घातली. व्यंकट त्या दिवशी नाचला तसा कधी नाचला नव्हता. कमानीवर चढला, गदा फिरवली, छाती फाडून दाखवायचा आवेश आणला. लोक म्हणाले, आज अंगात खरंच आलंय. कशाचं काय! माणूस स्वतःपासून पळायला लागला की तोही असाच उड्या मारतो.

देवळापाशी अंकुशराव पुढे आला. ज्या तोंडाने सकाळी माकड म्हणाला, तेच तोंड खाली करून त्याने मारुतीच्या पायावर डोकं ठेवलं. एक जण फोनमध्ये व्हिडिओ काढत होता. रिवाजाप्रमाणे मारुतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. व्यंकटने ठेवला. तेल लावून मागे फिरवलेले केस हाताला लागले. त्या केसांना धरून उभं करावं, असं क्षणभर त्याला वाटलं. वाटलं एवढंच. मारुतीने आशीर्वाद दिला आणि अंकुशराव हसत उठला.

मग वेष उतरवायची वेळ आली. त्यालाही रिवाज आहे. मुकुट काढायच्या आधी घरच्या बाईने मारुतीच्या पाया पडायचं, काय मागायचं ते मागायचं, आणि मारुतीने उजवा हात वर करून ते दिलं म्हणायचं. त्यानंतर टिळा पुसला की देव गेला, नवरा उरला. सुशीलाबाई नवऱ्याला 'तुमी' म्हणते, पण या एका क्षणी 'तू' म्हणते, कारण देवाला कुणी 'तुमी' म्हणत नाही. दरवर्षी दर जत्रेत ती काहीतरी पुटपुटायची. भोवती हलगी, ताशा, गलका, त्यामुळे व्यंकटला ते कधी ऐकू आलं नव्हतं. त्याने कधी विचारलंही नव्हतं. लेकीबाळींचं, पावसापाण्याचं मागत असेल, असं तो धरून चालला होता.

आज डीजे बंद होता. रेवणसिद्ध पाणी प्यायला गेला होता. लिंबाखाली दोघंच होती. सुशीलाबाईने त्याच्या पायावर डोकं टेकलं आणि ती म्हणाली, "मारुतीराया, दर बारीला तेच मागते, तुला कटाळा आला असंल. माझ्या नवऱ्याला तोंड दे."

व्यंकटचा हात वर जाईना. ती वाकलेली तशीच राहिली. हात वर झाल्याशिवाय उठायचं नसतं. शेवटी त्याने हात वर केला. गदा फिरवणारा तो हात त्याला स्वतःचा वाटत नव्हता. सुशीलाबाई उठली, तिने मुकुट काढला, टिळा पुसला आणि म्हणाली, "चला, तोंड धुऊन घ्या. बस चुकंल."

व्यंकट हापशावर गेला. साबण घासघासून तोंड धुतलं. दर बारीला, ती म्हणाली होती. म्हणजे पहिल्या जत्रेपासून? म्हणजे आई जिवंत होती तेव्हापासून? पाणी तोंडावर मारता मारता त्याला एकेक गाव आठवू लागलं, एकेक पंच, एकेक हसणं, आणि प्रत्येक ठिकाणी आपला तो आरसा. लाजेने त्याला वर पाहवेना. हापशावर पाणी भरायला आलेली बाई म्हणाली, "मारुतीराया, लई छान नाचलाव." तेही त्याला शिवीसारखं लागलं.

तो परत आला तेव्हा सुशीलाबाई बिदागी आणायला निघाली होती. व्यंकट म्हणाला, "तू थांब. मी जातो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. कानामागे अजून केशरी रंग राहिला होता. मग ती पिशवीवर बसून राहिली.

अंकुशराव देवळाच्या ओसरीवर माणसांत बसला होता. व्यंकट पायरीखाली उभा राहिला. काय म्हणायचं ते त्याने हापशापासून इथपर्यंत घोकलं होतं. 'अप्पा, माझ्या बायकूला बोललाव ते बरं केलं न्हाई.' एवढंच. लहान वाक्य आहे, लेकराला पाठ होईल.

"अरे, मारुती सोता आला!" अंकुशराव म्हणाला. "काय, बोला की."

सगळे पाहू लागले. व्यंकटने तोंड उघडलं. अंकुशरावने पाकीट पुढे केलं, आणि व्यंकटने ते दोन्ही हातांनी घेतलं. आणि त्याच्या तोंडून जे निघालं, ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. "लई उपकार झाले, अप्पा. पुढल्या वर्षी आठवन ठेवा."

माणसाची जीभ अशी असते बघा. जन्मभर वापरली नाही आणि एकदा वापरायला काढली तर ती भलत्याच्याच पाया पडते!

तो परत लिंबाखाली आला. खोटं बोलता आलं असतं. 'सुनावलं त्याला' म्हणाला असता तर कोण पाहायला गेलं होतं? पण पाकीट तिच्या हातात देत तो म्हणाला, "न्हाई जमलं. उलट त्याचे उपकार मानून आलो."

सुशीलाबाईने पाकीट कमरेला खोचलं. बसमध्ये बसल्यावर, गाव मागे पडल्यावर, खिडकीकडे पाहतच ती म्हणाली, "आज टिळा मुकुटाच्या आदी लावलाव."

व्यंकट कानामागचा रंग बोटाने खरवडू लागला.

"रंगाची घाई मला लई वर्षांपासून म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्याचं काय वाटत न्हवतं. म्हनलं, एकेकाचा सोभाव. पन टिळा देवाचा असतो. त्याला कामून आड घेतलाव?"

पुढच्या बाकावर रेवणसिद्ध हलगी मांडीवर घेऊन झोपल्याचं सोंग करत होता. तेवढं सोंग मात्र त्याला काही जमत नव्हतं.

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, सोयाबीन कमरेला आलं. घरात सुशीलाबाई आधीसारखीच बोलायची, हसायची, वांग्यांवरून रागवायची. मदारीण हा शब्द तिने पुन्हा काढला नाही. व्यंकटच्या कानात मात्र तो रोज वाजे. शेतात एकटा असला की तो मोठ्याने बोलून पाही. 'अप्पा, बरं केलं न्हाई.' तुरीच्या रोपांपुढे वाक्य अगदी खणखणीत यायचं.

गणपतीत गुलबर्ग्याच्या एका कॉलनीतून विसर्जनाची सुपारी आली. तिघं रेल्वे स्टेशनाजवळ उतरून रिक्षाने तिथे पोचली. मांडवाच्या मागे जागा दिली होती. व्यंकटने पोतं अंथरलं, आरसा लावला, सवयीने पिशवीत हात घातला. रंगाची डबी होती, शेपूट होती, मुकुट होता. करंडा नव्हता. त्याने वर पाहिलं. सुशीलाबाई खुर्चीवर बसली होती आणि करंडा तिच्या मुठीत होता.

"आदी बोली," ती म्हणाली, "मग टिळा."

तोच मंडळाचा तरुण कार्यकर्ता, रविकुमार, घाईघाईत आला. वाईट पोरगा नव्हता, कामाने वैतागलेला होता. "ए बाई, तू जरा बाजूला हो," तो म्हणाला. "त्यांच्याशी बोलू दे. किती ठरलंय आपलं?"

सुशीलाबाई बाजूला झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बोलीच्या वेळी ती गप्प बसली आणि मांडवाच्या झालरीकडे पाहत राहिली. रविकुमार व्यंकटकडे वळला. व्यंकटचा हात आपोआप कपाळाकडे गेला. कपाळ कोरं होतं. घाम तेवढा होता.

"आदी तिला अक्का म्हना," व्यंकट म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की रविकुमारला काही कळलंच नाही. "काय? काय म्हणालात?"

आता दुसऱ्यांदा म्हणायचं होतं. एकदा म्हणायलाच इतकी वर्षं गेली होती. अंकुशरावच्या तेलकट केसांचा तो स्पर्श पुन्हा तळहाताला जाणवत होता.

"तिला अक्का म्हना," तो म्हणाला. "तुमी म्हना. मग पैशाचं इचारा. तिलाच इचारा, ती सांगंल ते."

रविकुमार गोंधळला, मग ओशाळला. "चुकलं, अक्का," तो म्हणाला. "बोला तुम्ही."

सुशीलाबाईने बोली केली. पावसापासून सुरुवात करून केली. व्यंकट शेजारी उभा राहिला, तोंडाला रंग नाही, कमरेला शेपूट नाही, आणि एकेक शब्द ऐकत राहिला. विडा पदराला बांधून झाल्यावर तिने करंडा उघडून त्याच्यापुढे धरला. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि तिने झाकण परत लावलं.

"आदी मुकुट," ती म्हणाली.